मिरचीवरचा कागद

पॉलिहाऊसच्या छताला आमच्याकडं सगळे कागद म्हणतात, पण असतो तो प्लास्टिकचा. ईट गावच्या शिवारात आम्ही त्याच्याखाली ढोबळी मिरची लावली होती. दुसऱ्याच उन्हाळ्यात छताला हात लावला की बोटांना पांढरी भुकटी लागायला लागली, आणि जरा दाबलं की कागद तडकायचा. खाली झाडं फळांनी लगडलेली. छत गेलं तर ही मिरची उन्हात भाजून निघणार होती.

कागद बनवणाऱ्या कारखान्याचा माणूस आला. त्यानं कमानीवरचा पिवळा थर बोटानं पुसला.

"गंधक मारलं होतं का?"

मारलं होतं की! पानांवर भुरीची पांढरी बुरशी आली तेव्हा मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, द्राक्षबागेत करायचे तेच केलं. जुन्या धोतराच्या फडक्यात गंधकाची पूड बांधली आणि ओळीओळीनं झटकत गेले. भुरी हटली, आम्ही खूश. आता हा म्हणतो, कारखान्यात प्लास्टिकचे दाणे वितळवतानाच त्यात उन्हापासून वाचवणारं औषध कालवतात, मग त्याचा मोठा फुगा फुगवून कागद काढतात. गंधक बसलं की ते औषध निकामी होतं आणि ऊन कागदाचा वरचा थर खात सुटतं.

"हे आधी सांगायला काय धाड भरली होती?" मी तोंडावरच विचारलं.

मामा बांधावर बसून होते. "म्या वाईट केलं व्हय गं?" त्यांनी विचारलं. मला राग आला होता आणि रडूही.

आम्ही चिकटपट्ट्या लावत सुटलो. भुकटीवर त्या धरेनात. तशातच एका दुपारी वावटळ उठली. छताच्या चिरेतून वारं आत घुसलं, छत फुगलं, आणि कमानींचे पाय मातीतून उखडायला लागले. नवरा कमानीच्या पाइपाला लोंबकळून ओरडला, "बाजूचा कागद फाड! वारं भाईर जाऊ दे, न्हायतर समदं उडून जाईल!"

"अहो, मिरची हाय की आत!"

"फाड म्हणतो ना!"

मी विळा घातला. कडेपर्यंत गंधक पोचलंच नव्हतं. तिथला कागद अजून नव्यासारखा चिवट होता, एका फटक्यात फाटेना. पाय रोवून, रडत, शिव्या घालत मी तो चांगला कागद ओढून ओढून फाडला, आणि मोकळ्या झालेल्या वाऱ्यानं आत झाडं कडाकड मोडायला लागली.