खोडलेली ओळ

निडीच्या मामांइतका उदार माणूस रोहा तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका फसलेलाही नाही. मात्र त्यांना फसवणाऱ्यांत एकही लबाड माणूस नव्हता, आणि त्यांतली एक मी आहे.

मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. निडी स्टेशनापासून दहा मिनिटांवर त्यांचं घर. पुढे भाताची खाचरं, बाजूला वालाचा तुकडा, मागे आंबे. वय सत्तरीच्या पुढे, पण नजर अजून खुंट शोधत फिरते. खुंट म्हणजे कोयीतून आपोआप उगवलेलं आंब्याचं रोप, ज्यावर चांगल्या आंब्याची काडी बांधायची. गटाराच्या कडेला, देवळामागे, एसटी स्टँडच्या भिंतीपाशी कुठेही असं रोप दिसलं की मामा थांबतात, मालक कोण हे न विचारता खिशातून चाकू काढतात आणि कलम बांधून पुढे जातात. डब्यात भाकरी नसते, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या असतात. एकदा मामींनी घाईत फडकं सोडून त्या काड्या चुलीत घातल्या, तेव्हा मामा दोन दिवस जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी जेवले ते शेजाऱ्यांकडे. माझ्या नणंदेच्या लग्नात अंतरपाट धरला, भटजींनी मुलीच्या मामाला हाक मारली, आणि मामा नाहीत. शेवटी ते सापडले आचाऱ्याच्या चुलाणामागे, एका रोपापाशी उकिडवे. "यवढी गाठ मारतो नि आलो," असं त्यांनी बोलवायला गेलेल्या माझ्या नवऱ्याला शांतपणे सांगितलं. त्याच हातांनी त्यांनी नवरीला मांडवात आणलं. शालूवरचा चिकाचा डाग नणंद अजून दाखवते. रोप मात्र जगलं, म्हणून मामांच्या मते लग्न उत्तम झालं.

कलम बांधायला ते कुणालाही शिकवत. आधी आठ दिवस जास्वंदीच्या काड्या तासायला लावत, पाचरीसारखा काप जमेपर्यंत. माझा पहिला काप बघून म्हणाले, "कलम बांधतेस का पेन्सिल करतेस गो?" त्यांची एकच अट असे. त्यांच्याकडून हापूसची काडी नेणाऱ्याने सोबत मागल्या दारच्या आंब्याची एक काडी न्यायची, ती वाढवायची आणि पुढे दोन शेजाऱ्यांना द्यायची. मागल्या दारचा म्हणजे त्यांच्या घरामागचा रायवळ, कोयीपासून वाढलेला गावठी आंबा. त्याला दुसरं नाव नव्हतं. फळ मुठीएवढं, साल कागदासारखी, आणि नाकाशी नेताच बडीशेपेचा वास. हा आंबा दोन दिवस टिकत नाही, त्यामुळे बाजारात त्याला कुणी विचारत नसे. मामांना जगात विचारण्यासारखी तेवढीच गोष्ट होती.

मी पेणला राहते आणि यादीशिवाय मला चैन पडत नाही. सिलिंडर कधी लावला, कुणाचा डबा आपल्याकडे राहिला, सगळं लिहिलेलं असतं. मामांचा हा कारभार बघून मी एक वही सुरू केली. क्रमांक, नाव, गाव, बांधल्याची तारीख, जगलं की मेलं. मामा दर भेटीत वहीकडे मुलाच्या प्रगतिपुस्तकाकडे बघावं तसं बघत आणि नवं नाव सांगत. एकदा म्हणाले, नागोठण्याच्या स्टेशनात गाडीची वाट बघत होतो, एक पिशवीवाला शेजारी बसला होता, त्याच्या पिशवीत कुंडीतलं रोप होतं, त्यावर मागल्या दारची काडी बांधून दिली. मी नाव विचारलं. माहीत नव्हतं. गाव? तेही नाही. मी वैतागून म्हटलं, मामा, अशी नोंद होत नसते. "त्याला आंबा पायजे व्हता, मला नाव कशाला?" असं म्हणून ते चहा प्यायला लागले. अर्धवट लिहिलेली ती ओळ मी पट्टी धरून खोडली. राहिली अकरा नावं, सगळी पूर्ण पत्त्यांसकट. अकरांपैकी सातवी मी.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मामा एका लग्नासाठी चार दिवस उरणला गेले. घरामागची जागा वाटणीत त्यांच्या पुतण्याकडे गेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. ती त्याने गोदामासाठी दिली आहे, हे मामा सोडून सगळ्यांना माहीत होतं. ते परतले तेव्हा खोड वखारीत गेलं होतं, जमीन सपाट झाली होती आणि कडेला पडलेल्या फांद्यांची पानं हातात घेतली की मोडत होती. वाळक्या काडीचं कलम होत नाही. पुतण्या समोर यायला तयार नव्हता. मामा भांडले नाहीत. मला फोन केला आणि म्हणाले, "यादी काढ गो. एक काडी घिऊन येऊ, परत लावू."

त्या फोनचा मला आनंद झाला, हे आता लिहायला लाज वाटते. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या वहीची कुणाला गरज पडली होती. जूनमध्ये कलमाचे दिवस सुरू झाले तसे आम्ही निघालो, मी स्कूटरवर, मागे मामा आणि त्यांच्या मांडीवर ओलं फडकं.

खांबला क्रमांक एक. आखातात वीस वर्षं काढून परतलेला हा माणूस मामांचा सर्वांत लाडका शिष्य. मामू, मामू करत त्याने खुर्ची पुढे केली, सरबत आणलं आणि मग झाडापाशी नेलं. झाड डेरेदार होतं आणि हापूसचं होतं. मागल्या दारच्याचा शेंडा कापून त्याने तीन वर्षांपूर्वी त्यावर हापूस चढवला होता. "मामू, तुमीच शिकवलंव शेंडा बदलायला," तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. "मूळ झाड तुमच्याकडं हाय, आनी बाकी इतक्या लोकांकडं हायेत, म्हटला मी एकट्यानं नाय ठेवला तर काय अडतंय." मामांनी खोडावरून बोट फिरवलं, जुना सांधा चाचपला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. म्हणाले, "काप झ्याक बसलाय."

कासूला क्रमांक चार. तिथल्या बाईंनी गाडी उभी करायला जागा हवी म्हणून झाड काढलं होतं. निडीला मूळ आहे, कधीही आणता येईल, असं त्यांनीही धरलं होतं. दोन आठवड्यांत आम्ही सगळी मिळून दहा घरं केली. कुठे फळ टिकत नाही म्हणून, कुठे गिऱ्हाईक नाही म्हणून, पण शेवटचं वाक्य प्रत्येकाचं तेच, दुसऱ्या कुणाकडे तरी असेल. पुढे शेजाऱ्यांना काडी कुणीच दिली नव्हती. दहाच्या दहा जणांना कलम सुरेख बांधता येत होतं. प्रत्येक घरून मामांना परत जाताना हापूसच्या काड्या मिळाल्या.

दहावं घर झाल्यावर मी म्हटलं, मामा, जाऊ द्या सगळे, माझं आहे. निघतानाही मी हे म्हटलं होतं, तेव्हा "तुजा शेवटी बघू" म्हणून मामांनी टाळलं होतं. वहीत माझ्या नावापुढे 'जगलं' असं लिहिलेलं होतं. माझं झाड गच्चीपर्यंत पोचलं होतं, दोन वर्षं फळही देत होतं. फळ आंबट होतं, बडीशेपेचा वासही नव्हता, पण पहिले एक-दोन बहर तसेच येतात, अशी माझी मीच समजूत घातली होती. आम्ही पेणला आलो. परसात आल्यावर मामा खाली वाकले, बुंध्यापाशी माती बाजूला केली आणि करंगळीएवढा काळा सुकलेला थोटका दाखवला. त्याला मी बांधलेली प्लास्टिकची पट्टी अजून चिकटून होती.

"ही तुजी काडी," ते म्हणाले. "मेली. खालून खुंट फुटला, त्याला तू वाढवलास."

मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं.

"दुसऱ्या पावसात."

"मग बोलला का नाहीत?"

"तू यवढी मायेनं पानी घालीत व्हतीस." थोडा वेळ ते फडक्याची घडी घालत बसले. "आनी मला बी वाटला, बाकीच्यांकडं हाय ना."

मी त्यांना चहा दिला. त्यांनी कपाला हात लावला नाही. मी आत गेले, वही काढली, माझ्या नावापुढचं 'जगलं' खोडलं आणि 'मेलं' लिहिलं. तारीख मात्र कुठली घालावी कळेना.

मामा आता कुणाला शिकवत नाहीत. कुणी आलं तर त्याला खांबला पाठवतात, तिथला माणूस माझ्यापेक्षा बरा कापतो म्हणतात. चाकू खिशात असतो, पण स्टँडजवळच्या रोपांपाशी ते थांबत नाहीत. एक नवी सवय लागली आहे. आंब्याच्या दिवसांत ते नागोठण्याला उतरतात, कधी पेणला येतात, आणि बाजारात बसलेल्या बायकांच्या टोपल्यांतला एकेक रायवळ उचलून नाकाशी नेतात आणि परत ठेवतात. मागच्या मे महिन्यात एक बाई चिडून म्हणाली, "आजोबा, घ्यायचा नाय तर वास कशाला घेताव? फुकटचा निम्मा आंबा नाकानं खाल्लाव." मामांनी हात जोडले आणि पुढच्या टोपलीकडे वळले. एरवी मी अशा वेळी मान खाली घालून त्यांना ओढत घरी आणलं असतं.

वहीतली ती खोडलेली ओळ मी पुन्हा लिहून काढली आहे. नागोठणे स्टेशन, पिशवीवाला, नाव नाही, गाव नाही. जगलं की मेलं हा रकाना रिकामा आहे, आणि माझ्या कुठल्याच यादीत रिकामा रकाना मी इतके दिवस सहन केलेला नाही. टोपल्या दोन बाजूंना मांडलेल्या असतात. एक बाजू मामा घेतात, दुसरी मी.