मोजून झाल्यावर

माझी आई कुणाला जवळ घेणाऱ्यांतली नव्हती. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी तक्रार आहेच. खमरियाच्या कारखान्याच्या क्वार्टरांमध्ये आजूबाजूच्या आया मुलांना मांडीवर घेऊन उन्हात बसायच्या, त्यांचे मुके घ्यायच्या, आणि आमची आई ड्यूटीवरून आली की आधी नळापाशी. साबण थेट कोपरापर्यंत. मग साडी बदलायची. तोवर तिला शिवायचं नाही असा नियम होता. "वॉर्डातून काय काय आणलं असंल अंगावर, देव जाणे," ती म्हणायची. ती सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होती आणि बाबा कारखान्यात. दोघांच्याही पाळ्या बदलत्या, त्यामुळे घरात आता कोण सापडेल हे मला कारखान्याच्या भोंग्यावरून ओळखता यायचं.

मला लहानपणी दमा होता. थंडी पडली की छाती वाजायला लागायची. त्या दिवसांत मात्र माझी चंगळ असे. आई हात धुऊन, साडी बदलून माझ्या पलंगाच्या कडेला बसायची आणि माझं मनगट हातात घ्यायची. माझा हात माझ्याच छातीवर आडवा ठेवायची, वर तिची तीन बोटं. बोलायची नाही. माझ्या तोंडाकडेही बघायची नाही. स्वेटरच्या बटणांकडे कुठेतरी तिची नजर असे. मी अजिबात हलायची नाही. हललं तर तिला उठायची आठवण होईल अशी भीती वाटायची. बरं वाटू लागलं तरी मी ते लगेच कबूल करत नसे, कारण दुखणं गेलं की आईही जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

शेजारच्या मुलीला एकदा सराफ्यातून सोन्याचे डूल आणले होते. ती ते दाखवायला आली तेव्हा मी ऐटीत सांगितलं की माझी आई माझा हात धरून बसते. "सबकी मम्मी पकड़ती है," ती म्हणाली आणि डूल हलवत निघून गेली. मला तिची कीव आली होती.

बारावीनंतर मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर सगळ्यांत मोठा विरोध आईचाच. नातेवाइकांचं समजू शकते. त्यांच्या लेखी नर्स म्हणजे सुई टोचणारी बाई, आणि लग्नाच्या बाजारात तर रात्रपाळी हा शब्द उच्चारायचीही सोय नाही. पण आईनं साडी पोटरीपर्यंत वर केली आणि फुगलेल्या निळ्या शिरा दाखवल्या.

"हे बघ आधी. काहून जाऊन राहिली तू यात? दुनियेत दुसरी कामं नाहीत?"

"तू काहून गेली होतीस?"

"मला कोणी विचारलं होतं काय," ती म्हणाली आणि साडी खाली सोडली.

लोकांना मी सेवाभाव वगैरे सांगायची. मुलाखतीतही तेच सांगितलं. खरं कारण इतकंच होतं की आईशी बोलायला मला काहीतरी विषय हवा होता. तिच्या आयुष्याचा मोठा भाग त्या वॉर्डात जायचा आणि तिथं मला प्रवेश नव्हता. म्हटलं, रीतसर प्रवेश घेऊनच जावं.

पहिलं वर्ष हात धुणं आणि चादरी यांतच जातं. हसू नका. सुरकुती नसलेली चादर घालता आली नाही तर झोपून असलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात, आणि त्या जखमा बघितल्यावर माणूस चादरीबद्दल पुन्हा विनोद करत नाही. आमच्या लॅबमध्ये एक रबरी पुतळा होता. बाकी सराव एकमेकींवर. एकीनं आडवं व्हायचं, दुसरीनं नर्स व्हायचं, मग उलट. आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर केरळच्या होत्या, त्यांची हिंदी तुटक आणि डोळे तिखट. नाडी बघताना अंगठा लावला की त्या हातावर फटका मारायच्या, कारण अंगठ्यात स्वतःचीच नाडी लागते आणि माणूस रोग्याऐवजी स्वतःला मोजत बसतो.

मग श्वासाचा धडा आला. त्यांनी एका मुलीला पलंगावर झोपवलं, तिचा हात तिच्या छातीवर आडवा ठेवला, मनगटावर तीन बोटं टेकवली. "पल्स हो गया," त्या म्हणाल्या, "तब भी हाथ नहीं छोड़ने का. उसको लगना चाहिए, अभी पल्स ही देख रही है. अब चुपचाप साँस गिनो. बता दिया तो वो साँस बदल देगा." सिस्टर त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. तिच्या ॲप्रनच्या बटणांकडे बघत होत्या.

सगळ्या मुली लिहून घेत होत्या. माझ्या हातून पेन चालेना. इतकी वर्षं मी जे उशाशी घेऊन निजत होते ती एक पद्धत होती, पुस्तकात छापलेली, परीक्षेला येणारी. माझा हात तिला नकोच होता. हात हे नुसतं निमित्त, रोग्याला कळू नये म्हणून. मला इतका राग आला की त्या दिवशी कॉलेजातून खमरियाच्या बसमध्ये बसले आणि सगळा रस्ताभर खिडकीकडे तोंड करून रडले. घरी आई वाटाणे सोलत होती. "आज काय शिकवलं?" तिनं विचारलं. ज्या प्रश्नासाठी मी नर्सिंगला गेले होते तो प्रश्न अखेर आला होता. मी म्हटलं, "काही नाही. श्वास मोजायला." ती म्हणाली, "अच्छा," आणि पुढची शेंग उचलली.

मी तिला विचारलं नाही. विचारलं आणि ती "हो, मग?" म्हणाली, तर? ती तेच म्हणाली असती. तिचा स्वभाव मला माहीत होता. माझ्या बॅचच्या मुली पांगल्या, कुणी दिल्लीला, कुणी थेट आखातात. मी इथंच वॉर्डात राबले, मग पुढचं शिकले आणि शिकवायला लागले. आईशी बोलायला विषय मिळाला होता हे खरं. सलाइन, बदल्या, हल्लीच्या मुलींना ग्लोव्हजशिवाय काही सुचत नाही, असं आम्ही तासन्‌तास बोलायचो. तेवढं एक सोडून.

बाबा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. मागच्या हिवाळ्यात तिच्या हृदयानं कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी औषधं दिली आणि मला म्हणाले, "मैडम, आप तो खुद सिस्टर हैं, घर पर साँस देखती रहिए. बढ़े तो भर्ती करेंगे." तर रोज संध्याकाळी मी तिच्याजवळ बसायची, नाडी बघायची आणि मग हात न सोडता श्वास मोजायची. दर वेळी आकडा पुस्तकातल्यासारखा. मी डॉक्टरांना फोनवर सांगायची, नॉर्मल आहे. ते खूश, मी खूश.

शिकवते मी ना? मुलींना ओरडून ओरडून सांगते की आकड्याच्या आधी माणूस बघा. आणि माझ्या घरात आईच्या डोक्याखाली एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या. "मान दुखते," ती म्हणाली आणि मी ऐकून घेतलं. पायांत मोजे घालून बसायची, थंडी आहे म्हणून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एके दुपारी मी कॉलेजातून लवकर आले. दार लोटलेलंच होतं. आई टीव्हीसमोर मेथी निवडत बसली होती आणि तिला माझी चाहूल लागली नव्हती. तिचे खांदे वर जात होते. दोन-चार काड्या निवडायची, थांबायची, तोंडानं हवा घ्यायची, पुन्हा दोन-चार काड्या. मी दारातच उभी राहून घड्याळाकडे बघत मोजलं. मग पुन्हा मोजलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. मग चपला वाजवत आत गेले तर बाई एकदम शांत, ओठ मिटलेले, श्वास सावकाश.

मी समोर बसले आणि तिचे मोजे ओढून काढले. नडगीवर बोट दाबलं तर सुजेत मोठा खळगा पडला आणि तसाच राहिला.

"तू मला फसवून राहिली आई. रोज."

"मी काय केलं?"

"मी हात धरला की तू श्वास सांभाळते."

ती हसली. खरंच हसली, चोरी पकडली गेलेल्या मुलीसारखी. "मग? नर्सचे श्वास मोजून राहिली तू, तिला न सांगता. मी हजारोंचे मोजलेत. मला कळणार नाही?" मग थोडं थांबून, दम घेऊन, "भर्ती करशील म्हणून. मला तिथं जायचं नाही. त्या पलंगावर लोकं कशी पडून राहतात, मी पाहिलंय ना."

मला राग आला. आणि त्या रागातच, इतक्या वर्षांनी, नको त्या वेळी ते तोंडातून निघालं. "लहानपणी माझा हात धरून बसायचीस तेव्हा तूही श्वासच मोजायचीस ना?"

"मग काय करणार? छाती कशी वाजायची तुझी."

"तेवढंच?"

तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. माझ्याकडे असं बघितलं की आता ही कुठली भाषा बोलून राहिली. "अगं, श्वास मोजायला एक मिनिट लागतं. तू तर मास्तरीण आहेस. मी कितीक वेळ बसायची?"

मी तिचे काढलेले मोजे हातात गुंडाळत राहिले.

"घरात आले की हे दे, ते दे, पोळ्या टाक. चलो, उठो," ती म्हणाली. एकेका वाक्यानंतर थांबत होती. "पण पोरीची नाडी धरून बसले ना, तर कोणी हाक नाही मारायचं. तुझे बाबाही नाही. दिवसभर लोकांना हात लावायचा, अन् सोडायचा. लावायचा, अन् सोडायचा. तुझा श्वास मोजून झाला तरी हात धरून बसायची. तेवढंच बरं वाटायचं मला."

मग तिनं स्वतःच मनगट पुढं केलं. "घे. आता मोज खरे."

आणि तिनं श्वास सोडून दिला, म्हणजे सांभाळणं सोडून दिलं. तो जसा होता तसा यायला लागला, भराभर, उथळ, मध्येच अडखळत. मी मोजला. आकडा वाईट होता. मी तिला सांगितला, तिनं मान हलवली, नर्सनं नर्सला कळवावं तसं. "चल मग," म्हणाली, "पण जरा बस." आम्ही बसलो. दवाखान्याची गाडी येईपर्यंत मी हात सोडला नाही.

तिला जे पलंग नको होते त्यांच्यापैकीच एका पलंगावर ती गेली. चांगली गेली, त्रास न होता. चादर मी घातली होती. अस्थी घेऊन तिलवाऱ्याच्या घाटावर जाऊन आलो, घर आवरलं, आणि मी कामावर रुजू झाले. लोक म्हणतात, एवढं वय झालं होतं, तुम्ही तर रोज बघता. रोज बघते. म्हणून काय झालं? मला माझी आई हवी आहे. वयाचा यात काय संबंध, मला कळत नाही.

परवा पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. एका मुलीची जोडीदारीण आलीच नाही, आणि पुतळ्याला श्वास नसतो. मुलगी रडवेली झाली होती. मी म्हटलं, थांब, आणि मीच लॅबच्या पलंगावर आडवी झाले. बाकी मुली खुसखुसल्या. मी डोळे वटारले, त्या गप्प झाल्या.

मुलीनं हात धुतले. माझा हात माझ्या छातीवर आडवा ठेवला, तीन बोटं लावली, अंगठा दूर. बोटं गार होती. नाडी झाली. तिनं हात सोडला नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, नजर हळूच साडीच्या पदराकडे नेली. अगदी मी शिकवलं तसं. मला माहीत होतं ती काय करतेय. तरी मी मनात म्हटलं, बाई, चुक जरा. थोडी विसर. मोजून झालं तरी धरून ठेव.

मिनिट झालं. तिनं माझा हात अलगद खाली ठेवला, चादर नीट केली आणि आकडा सांगितला. "ठीक है मैम?"

तिची एकही चूक नव्हती. मी तिला पूर्ण मार्क दिले.