आधी डोळ्यांवर फोकस

कोपरखैरण्यातल्या दहा-बारा लग्नांत तरी हा व्हिडिओवाला मला भेटला असेल. त्याचा कॅमेरा जुना, खांद्यावर ठेवायचा. शूटिंग करणारी नवी पोरं त्याला हसायची. एकदा मी विचारलं, "दादा, हे ओझं कशाला वागवता?"

"याची लेन्स इमानदार हाय," तो म्हणाला. "आदी पूर्न झूम करून डोल्यांवर फोकस धरायचा. मंग झूम कितीबी मागं घ्या, फोकस हलत नाय. या पोरांच्या फोटोच्या लेन्सचा सरकतो."

त्यामुळे प्रत्येक शॉटआधी तो समोरच्याच्या डोळ्यांत शिरून बघायचा. मला ते जरा अवघडच वाटायचं.

माझ्या बहिणीच्या लग्नात कन्यादानाला बाबा उभे राहिले. त्याने त्यांच्यावर झूम केला आणि दुसऱ्याच क्षणी स्टँडवर लावलेला कॅमेरा तसाच सोडून धावत स्टेजवर आला.

"काकांना बसवा आदी! ओठ निले पडलेत, घाम फुटलाय."

आम्ही हाताच्या अंतरावर होतो. लेक सासरी जाणार म्हणून बाबांना भरून आलंय, असंच आम्हाला वाटलं होतं. त्यानेच त्यांना उचलून आपल्या गाडीत घातलं. हार्ट अटॅक होता. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

तिसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात आला आणि पलंगाशी अवघडून उभा राहिला.

"काका, माफ करा. कन्यादानाचं शूटिंग ऱ्हायलं."

बाबांनी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.