लिव्हर मागे, विमान पुढे

“मॅडम, परत तरंगतंय,” कॅप्टन सुर्वे म्हणाले. स्क्रीनवरचं विमान टेकायचं सोडून हातभर वरूनच सरकत राहिलं आणि रनवे संपला.

सिल्व्हर पार्कमधल्या त्यांच्या फ्लॅटची ही बेडरूम. कपाटाला टेकवून तीन स्क्रीन, टेबलाला आवळून बसवलेले कंट्रोल्स. सुर्वे नोकरीत अशीच ऐंशी सीटांची छोटी जेट उडवायचे. मी मेंटेनन्स इंजिनियर, तीच विमानं तपासून त्यांच्या ताब्यात द्यायचे. मग त्यांना फिट आली. एकदाच, पण मेडिकलमध्ये ते कायमचे अनफिट ठरले. रिटायर झाल्यापासून मी लोकांना घरगुती सिम्युलेटर बसवून देते, म्हणून सुर्वेवहिनींनी मला बोलावलं होतं.

“विकून टाकतोय,” सुर्वे म्हणाले. “मशीन ठीक आहे. माझा हात गेलाय.”

“आधी मला बघू तर द्या, सर. परत एकदा लँड करा.”

उत्तनच्या किनाऱ्यावरून विमान खाली आलं. रनवे गाठताच त्यांनी थ्रस्ट लिव्हर, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, पूर्ण मागे ओढला. अगदी वेळेवर. मी रनवेकडे नाही, इंजिनाच्या आकड्यांकडे बघत होते. इंजिनं मंदावली, पण पुरती नाही. दांडा मागच्या टोकाला, आणि कॉम्प्युटरला वाटतंय तो अजून थोडा पुढेच आहे. एवढ्या ताकदीवर कुठलंही विमान तरंगणारच.

यावर उपाय कॅलिब्रेशन. दांडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हे कॉम्प्युटरला नव्याने शिकवायचं. चहा गार व्हायच्या आत झालं.

“आता घ्या, सर.”

या वेळी चाकं अलगद टेकली. दारात उभ्या वहिनींनी टाळ्या वाजवल्या. सुर्व्यांनी विमान गेटला लावलं, इंजिनं बंद केली. मग सवयीने त्यांचा हात डोक्यावर गेला, सीटबेल्टचा दिवा बंद करायला. वर नुसता पंखा फिरत होता.

“बघा, हात शाबूत आहे,” मी म्हटलं.

ते स्क्रीनकडेच बघत राहिले. “गेला असता तर बरं होतं, मॅडम. सोडून तरी देता आलं असतं.”

वहिनी आत निघून गेल्या. मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला.

सिम्युलेटर त्यांनी विकला नाही. वहिनी फोनवर सांगतात, रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. कुणी हाक मारली तर ओ देत नाहीत.

हल्ली नवीन काम घेताना मी बिघाड काय, ते विचारते. आणि तो दुरुस्त करूनच हवाय का, हेही विचारते.