मोटारीचा फोन नंबर

एखादी वस्तू डोकं लावून केलेली दिसली की माझा जीव तिथंच अडकतो. शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरचंच घ्या. चालू करायचं हिरवं बटण खोबणीत दडवलेलं असतं आणि बंद करायचं लाल बटण चांगलं बोटभर बाहेर आलेलं. घाबरलेला हात न बघता आपटला तरी लालवरच पडावा, हा विचार कुणीतरी केला असणार. हैदराबादेत मोटारींच्या वाइंडिंगच्या दुकानात कामाला होतो तेव्हा गिऱ्हाइकांना मी हे असलं सांगत बसायचो. मालक वैतागायचा. पण गप बसणं माझ्या रक्तातच नाही.

म्हणून मोबाइलवर चालणारा स्टार्टर बाजारात आला तेव्हा मला राहवेना. एका डबीत सिमकार्ड आणि वीज गेली तरी पुरेल अशी बॅटरी. तिला फोन केला की मोटार सुरू, परत केला की बंद, आणि आतून एक बाई कन्नडमध्ये हालहवाल सांगणार. बीदर जिल्ह्यात चिंताकीजवळच्या आमच्या शेतात तीन फेजची वीज कधी येईल याचा नेम नसायचा. वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, निम्मा दिवस तिची वाट बघण्यात जायचा. मी सुट्टी काढून गेलो आणि डबी बसवली. पहिल्यांदा ती बाई बोलली तेव्हा अप्पांनी फोन कानाला लावूनच "आयतु, अक्का," म्हणजे 'बरं, ताई' म्हणून मान डोलावली. आई पोट धरून हसली.

आठ दिवसांत अप्पांची हौस फिटली. माझी फिटेना. हातात चहाचा कप धरून मी हैदराबादेतून मोटार चालू करायचो आणि तिकडे हरभऱ्यात पाणी पडायचं. याचं मला इतकं अप्रूप होतं की काही काम नसलं तरी मी उगाच मोटारीला फोन लावून बघायचो.

हरभरा फुलावर आलेला असताना एका सकाळी फोन लावला, तर बाई म्हणाली, "करेंट इल्ला." वीज नाही. दहा मिनिटांनी परत तेच. शेजारच्या शेतातल्या अण्णांना फोन केला.

"करंट हाय की! माजी मोटार चालू हाय."

म्हणजे माझी डबीच बिघडली! हातातलं काम सुचेना. अप्पांना एकदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. मग मालकाच्या शिव्या खात अर्धा दिवस रजा घेतली आणि बीदरची बस धरली. बसमध्येही दर थोड्या वेळानं मोटारीला फोन लावत होतो. बाई काही आपलं म्हणणं सोडेना.

शेतात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मी तडक डबीकडे गेलो. ती धडधाकट होती. शेजारचा मेन स्विच उघडला, तर त्यातले चिनी मातीचे तिन्ही फ्यूज गायब. ते नुसते ओढले की निघतात, आणि ते नसले की पुढं वीज जात नाही.

"अप्पा!" मी ओरडलो. "फ्यूज कुठं हायत?"

आवाज विहिरीतून आला. "माज्या खिशात. कामून?"

मी काठावर जाऊन वाकून बघितलं. खाली कपारीत मोटारीशेजारी अप्पा उकिडवे बसले होते. पंपातून पाणी गळत होतं, म्हणून फिरत्या शाफ्टभोवतीची, गळती रोखणारी दोरी बदलायला त्यांनी सकाळीच हात घातला होता. बोल्ट गंजलेले, त्यामुळं दिवस तिथंच गेला. दोन्ही हातांची बोटं शाफ्टला भिडलेली होती. फ्यूज जागेवर असते, तर माझ्या एका फोनसरशी शाफ्ट त्या बोटांसकट फिरला असता.

काम उरकून अप्पा वर आले. मी विचारलं, "तुम्ही आधीपासनंच फ्यूज काढून उतरता?"

"आदी कामून काढू? बटण दाबणारा मीच व्हतो. आता तू हायस." त्यांनी तिन्ही फ्यूज जागेवर बसवले. "मोटारीला आज किती बार लावलास?"

"वीस-बावीस बार."

"आन मला?"

"लई बार लावलो, अप्पा."

अप्पांनी लिंबाच्या फांदीला अडकवलेला फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून बघितला. मी शेजारीच उभा होतो. पडद्यावर एकच मिस्ड कॉल होता.

त्यांनी फोन खिशात टाकला. "चल," म्हणाले, "भूक लागली आसंल तुला."