दारापासून दारापर्यंत

तमाम वाचकांना एक अत्यंत गंभीर निवेदन. बेंगळुरू ते पुणे हा विमानप्रवास दीड तासाचा आहे, असं मोबाईल सांगतो. कुणीही विश्वास ठेवू नये. मी ठेवला... त्याला आता दीड महिना झाला.

आमच्या मिरजगावात कुणी गेलं की पहिला प्रश्न असतो, माती, म्हणजे अंत्यविधी, किती वाजता? त्याचं उत्तर एकट्या आबांकडं असायचं. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीनंतर गावानं त्यांना हे बिनपगारी खातं दिलं. बाहेरगावचं लेकरू कधी पोचेल ते आबा ठरवत, आणि मग देवळातल्या भोंग्यावरून वेळ सांगितली जाई. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, "चप्पल पायात घातली का न्हाई अजून?" मग बोटांच्या पेरांवर मोजणी सुरू... रडून उठायला पाऊण तास, बॅग भरायला वीस मिनिटं, शेजारणीकडं किल्ली द्यायला दहा. एकदा दिल्लीहून एकाचा मुलगा यायचा होता. मी मोबाईल काढून ऐटीत म्हणालो, "आबा, विमानाला दोन तास."

"इमानाला," आबा म्हणाले. "मानसाला अकरा."

सगळा गाव दिवसभर कुरकुरत बसला. पोरगा दहा तास पन्नास मिनिटांनी आला. उरलेल्या दहा मिनिटांत आबांनी त्याला चहा पाजला, मग बापाजवळ नेलं. मी त्यांना चिडवायचो, तुमच्या वेळेला ही मोजणी कोण करणार? ते म्हणायचे, "तूच कर. पर तू लई घाईचा हाईस, गड्या."

एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच आबा गेले. एकुलती एक लेक, वैशाली, बेंगळुरूत. तिला साडेअकराचं विमान मिळालं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि खोटं कशाला सांगू, त्या दुःखातही मला जरा मोठं झाल्यासारखं वाटलं. दीड तास विमान, चार तास गाडी. भोंग्यावरून भारदस्त आवाजात मी पाच वाजता म्हणून सांगून टाकलं.

विमान अगदी वेळेवर उतरलं. पण साडेतीनला तिचा फोन आला. "काका, अजून वाघोलीतच अडकलेय. थांबा हं. मला फक्त चेहरा बघायचाय."

थांबलो. जामखेड-पारनेरचे पाहुणे घड्याळं बघू लागले. थंडीचे दिवस, आणि आमच्याकडं दिवस मावळल्यावर अग्नी देत नाहीत. आबा असते तर सकाळीच 'उद्या नऊला' म्हणून मोकळे झाले असते. मलाही दुपारी ते म्हणता आलं असतं. भोंग्यावर सांगितलेली वेळ बदलायची मला लाज वाटली. सूर्य टेकल्यावर जाणत्यांनी विचारलं, "आता रं?" मी मान डोलावली, आणि चिता पेटली...

वैशाली पावणेसातला आली. पायात दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला.

परवा आबांच्या घरी गेलो होतो. त्यांचं मनगटी घड्याळ खुंटीला लटकलेलं आहे, अजून चालू आहे. त्याच्याकडं बघवेना. डोळ्यांपुढं तीच संध्याकाळ आली. चितेपुढं वैशाली उभी. आबांची थोरली बहीण, सोनाआक्का, तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. फिरवता फिरवता बोलून गेली, "आबा आस्ता तर तुझी गाठ पडली आस्ती गं, बाई."