तळहातावरची नागली

माझ्या डाव्या डोळ्यात फूल आहे, बुबुळावरचा पांढरा डाग. समोरचा माणूस आधी त्याच्याकडे बघतो, मग ओशाळून उजव्याकडे वळतो. मी आता शिक्षिका आहे. नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगून टाकते की बघून घ्या एकदा पोटभर, मग पाढे सुरू करू.

हे फूल गोवराने दिलं. जामसरच्या बाजूला आमचा पाडा. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा नऊ वर्षांची. बाबा ठाण्याकडे बांधकामावर होते, त्यामुळे घरात त्यांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे काकांचा शब्द चालायचा. माझ्या अंगावर पुरळ उठलं तसा काकांनी दाराला कडुनिंबाचा डहाळा खोचला. गोवर म्हणजे घरात देवी आली, असं मानायचे. सातव्या दिवशी तिची पाठवणी. तोवर खोलीत उजेड नको, औषध नको आणि आजाऱ्याने गावाची शीव ओलांडायची नाही. दाराला घोंगडी लावली. हेतू वाईट नव्हता, पण त्या अंधारात माझे डोळे कुणाला दिसेनात.

चौथ्या दिवशी पेजेचा वाडगा घ्यायला गेले आणि हात भुईवर पडला. आईने ते पाहिलं. तिने घोंगडी जराशी बाजूला केली, तळहात माझ्यापुढे धरला आणि यात काय आहे ते विचारलं. मी हळूच बोटाने चाचपलं. भाताचा दाणा होता. दुसऱ्या दिवशी नागलीचा, म्हणजे नाचणीचा, तोही बोटानेच ओळखला. मी लबाडच होते. जूनमध्ये मला आश्रमशाळेत घालायचं ठरलं होतं, आणि आंधळ्या पोरीला शाळेत कोण घालतंय? म्हणून दिसतं, दिसतं म्हणत राहिले.

सहाव्या दिवशी आई म्हणाली, "हात नको लावू. नुसती बघून सांग."

समोर धुक्यासारखं काहीतरी हललं. कालचं आठवून मी ठोकून दिलं, "नागली."

आईने माझं बोट धरून आपल्या तळहातावरून फिरवलं. तिथे काहीच नव्हतं.

मला वाटलं, आता मार बसणार. पण आई उठली आणि तिने मला पाठीवर घेतलं. काका दारात आडवे उभे राहिले. एक दिवस तर राहिलाय, देवी घरात सोडून गेलीस तर ती अख्ख्या पाड्यावर कोपेल, असं ते म्हणत होते. त्यांच्यासमोर कधी मान वर न करणारी माझी आई म्हणाली, "घरात कशाला सोडू? तिला पण संगं नेते."

तिने दारावरचा डहाळा उपसून कमरेला खोचला, कोपऱ्यात देवी म्हणून मांडलेला नारळ पदरात बांधला आणि माझ्या डोक्यावर लुगडं टाकलं. काकांनी डहाळ्याला हात जोडले. ते बाजूला झाले.

वाळलेल्या खाचरांतून चालत ती रस्त्याला लागली. जव्हारला जाणाऱ्या जीपमधल्या लोकांनी डहाळा बघितला आणि आम्हाला कधी नव्हे ती ऐसपैस जागा मिळाली.

जव्हारच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. डाव्या बुबुळावरची जखम फुटली होती, उजव्यावर नुकती सुरू झाली होती. डावा गेला, उजव्याचं सांगता येत नाही, असं त्यांनी आईला स्पष्टच सांगितलं. डोळ्यांत थेंब आणि तोंडात तेलकट, उग्र वासाचा डोस सुरू झाला. सातव्या दिवशी आईने देवीची पाठवणी दवाखान्याच्या आवारातल्या झाडाखाली उरकून टाकली.

रोज सकाळी ती खाटेशी येऊन तळहात पुढे धरायची. मी हात मांडीखाली दाबून ठेवायचे आणि खरं तेच सांगायचे की नाही दिसत. ते सांगताना मला फार भीती वाटायची. आई "बरं" म्हणायची आणि थेंब घालायची.

मग एका सकाळी धुकं जरा पातळ वाटलं. मी बराच वेळ बघत राहिले. हातावरच्या रेषा दिसल्या, अंगठ्याजवळचा विळ्याचा जुना वण दिसला. दाणा मात्र कुठेच दिसेना. तरीही मी खरं तेच बोलले.

"आई, यात काहीच नाही."

आईने रिकामी मूठ मिटली, ती खाटेच्या कडेवर बसली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने रडायला लागली.